घटक विश्लेषण कुठे कुठे लागतं, आणि लावण्याआधी काय ठरवायचं

प्रश्न असा आहे. बडोद्यात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने नर्सेसच्या कामाच्या ताणावर चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आहे, गुजराती आणि मराठी अशा दोन भाषांत. गाइडनी ‘फॅक्टर अ‍ॅनालिसिस लावा’, म्हणजे घटक विश्लेषण करा, म्हणून सांगितलंय. भूगर्भशास्त्रातला तिचा मित्र विहिरींच्या पाण्याला तेच लावतोय आणि एमबीए करणारा भाऊ ग्राहकांच्या सर्वेक्षणाला. हे सगळं एकच आहे का, आणखी कुठल्या विषयांत वापरतात, आणि तिने स्वतः नेमकं काय करायचं, असं तिने विचारलं आहे.

गणित एकच आहे. पण त्या गणिताच्या जोरावर केलेला दावा प्रत्येक विषयात वेगळा असतो. माझ्याकडे संख्याशास्त्राच्या सल्ल्यासाठी होम सायन्सपासून पर्यावरणापर्यंत सगळ्या विषयांचे विद्यार्थी येतात, आणि बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. म्हणून तिलाच उद्देशून उत्तर जरा लांब देते आहे.

आधी मूळ कल्पना. समजा एका वर्गाचे चार विषयांतले गुण आहेत: गणित, विज्ञान, भाषा, चित्रकला. आणि समजा या चारही गुणांमागे एकच न दिसणारी क्षमता आहे. तिचा गणितावर भार, म्हणजे लोडिंग, ०.९, विज्ञानावर ०.८, भाषेवर ०.७, चित्रकलेवर ०.६. तर कुठल्याही दोन विषयांमधला सहसंबंध, म्हणजे ते किती बरोबरीने वरखाली होतात तो आकडा, हा त्या दोघांच्या भारांचा गुणाकार. गणित-विज्ञान ०.७२, गणित-भाषा ०.६३, गणित-चित्रकला ०.५४, विज्ञान-भाषा ०.५६, विज्ञान-चित्रकला ०.४८, भाषा-चित्रकला ०.४२.

आता उलट बाजूने या. तुमच्या हातात फक्त हे सहा आकडे आहेत, भार दिसत नाहीत. चार विषयांच्या दोन-दोन जोड्या पाडा आणि गुणाकार करा: ०.७२ × ०.४२, ०.६३ × ०.४८, ०.५४ × ०.५६. तिन्ही वेळा ०.३०२४ येतं. कागदावर एकदा स्वतः करून बघाच. तिन्ही गुणाकार सारखे आले याचा अर्थ हे सहाही सहसंबंध समजून घ्यायला एकच घटक पुरतो. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या गुणांवरून चार्ल्स स्पिअरमनने १९०४ साली सर्वसाधारण बुद्धीची कल्पना मांडली, तिच्या पाठीशी हाच हिशेब होता. खऱ्या आकड्यांत गुणाकार इतके तंतोतंत जुळत नाहीत, नमुन्यामुळे थोडे इकडेतिकडे होतात. पुढे जे काही सॉफ्टवेअर आलं ते याच प्रश्नाचं मोठं रूप सोडवतं: एवढ्या सगळ्या गोष्टी एकमेकींबरोबर वरखाली होतात, त्यासाठी किती घटक पुरतील?

भाराचा वर्ग केला की त्या विषयाच्या चढउतारातला किती हिस्सा सामाईक घटकाचा आहे ते कळतं. गणितात ०.८१, चित्रकलेत फक्त ०.३६. चित्रकलेचा उरलेला ०.६४ हिस्सा तिचा स्वतःचा, त्यात मोजमापातली चूकही आली. हा ‘स्वतःचा’ हिस्सा वेगळा काढणं हेच घटक विश्लेषणाचं वैशिष्ट्य. प्रमुख घटक पद्धत, जिला सगळे पीसीए म्हणतात, ती हा हिस्सा वेगळा काढत नाही. सगळा चढउतार कमीत कमी आकड्यांत बसवते. ती कार्ल पिअर्सनची १९०१ ची आणि नंतर हॅरोल्ड हॉटेलिंगची १९३३ ची. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फॅक्टर’च्या मेनूत गेलात आणि काही न बदलता ओके दाबलं तर पीसीएच चालते. प्रबंधात मात्र ‘फॅक्टर अ‍ॅनालिसिस केले’ असं लिहिलं जातं. परीक्षकांनी हे विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

आता दाव्याकडे येते. ‘एक घटक पुरतो’ आणि ‘एक घटक आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. गॉडफ्री थॉमसनने १९१६ मध्येच दाखवून दिलं होतं, की डोक्यात असंख्य छोटे छोटे स्वतंत्र धागे असतील आणि प्रत्येक परीक्षा त्यातले काही धागे वापरत असेल, तरीही सहसंबंधांची तीच घडी दिसेल. सर्वसाधारण बुद्धी नावाची एक वस्तू डोक्यात असायलाच हवी असं नाही. आकडे दोघांचेही तेच. शंभर वर्षं उलटली तरी हा वाद आकड्यांवर मिटलेला नाही, कारण तो आकड्यांचा नाहीच.

लुई थर्स्टनने १९३८ मध्ये एका बुद्धीऐवजी सात प्राथमिक क्षमता काढल्या: शब्द, संख्या, अवकाश वगैरे. स्पिअरमन चूक आणि थर्स्टन बरोबर, असं मुलं पाठ करून येतात. पण दोघांतल्या फरकाचा मोठा भाग अक्ष फिरवण्याचा होता. एकदा घटक काढले की त्यांचे अक्ष हव्या त्या कोनात फिरवता येतात आणि सहसंबंधांचं स्पष्टीकरण तसूभरही बदलत नाही. गाव तेच राहतं, नकाशावरच्या उभ्या-आडव्या रेघा तेवढ्या वळतात. मग कुठला कोन घ्यायचा? थर्स्टनचा निकष असा, की प्रत्येक चल, म्हणजे मोजलेली गोष्ट, शक्यतो एकाच घटकावर जड बसावा आणि बाकीच्यांवर जवळजवळ शून्य, म्हणजे वाचायला सोपं. हेन्री कायझरने १९५८ मध्ये दिलेलं व्हॅरिमॅक्स हे त्याच इच्छेचं यांत्रिक रूप. पण व्हॅरिमॅक्स घटकांना एकमेकांशी काटकोनात, म्हणजे संबंधरहित ठेवतं. माणसांच्या बाबतीत हे गृहीत मला बहुतेक वेळा पटत नाही. ज्या नर्सला कामाचा बोजा वाटतो तिला थकवाही वाटणारच. काटकोनाची सक्ती न करणाऱ्या ऑब्लिमिन किंवा प्रोमॅक्स या पद्धती घ्या, घटकांमधला सहसंबंध मोजू द्या; तो शून्याच्या आसपास आला तर काहीच बिघडत नाही. थर्स्टनच्या क्षमताही एकमेकींशी संबंधित निघाल्या, आणि जॉन कॅरोलने १९९३ मध्ये साडेचारशेहून अधिक जुन्या आकडेसंचांचं पुन्हा विश्लेषण करून वर एक सर्वसाधारण, मध्ये काही विस्तृत आणि खाली अनेक बारीक क्षमता अशी तीन मजल्यांची रचना मांडली.

व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात आत काय घातलं जातं ते नीट पाहा. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द वेचले. रेमंड कॅटेलने ती यादी आवळली, ट्युप्स आणि क्रिस्टल यांना १९६१ मध्ये पाच घटक सापडले, आणि तेच पुढे ‘बिग फाइव्ह’ झाले. ही माणसांनी माणसांना दिलेल्या शब्दांची गुणपत्रिका होती. त्यामुळे निघालेले पाच घटक म्हणजे इंग्रजी बोलणारे लोक एकमेकांचं वर्णन कोणत्या दिशांनी करतात त्याचा आराखडा. इतर भाषांच्या शब्दकोशांतून हाच उद्योग केला तेव्हा काहींत सहा घटकांची मांडणी जास्त चांगली बसली. प्रामाणिकपणा आणि विनम्रता यांचा एक वेगळा घटक निघाला. जे आत घालाल त्याच्याबद्दलच घटक बोलतात. तुमच्या चाळीस प्रश्नांत पगाराबद्दल एकही प्रश्न नसेल, तर ‘आर्थिक ताण’ हा घटक कधीच निघणार नाही, आणि तो निघाला नाही म्हणून नर्सेसना आर्थिक ताण नाही असं लिहिता येणार नाही.

वैद्यकातही हेच. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरली जाणारी तीस बाबींची पॅन्स ही मापनश्रेणी १९८७ मध्ये तीन गटांत मांडलेली होती, नंतरच्या अनेक विश्लेषणांत पाच घटक जास्त नीट बसले. एसएफ-३६ या आरोग्याच्या प्रश्नावलीतल्या आठ उपश्रेणी शेवटी शारीरिक आणि मानसिक अशा दोन आकड्यांत येतात.

आता तुमच्या मित्राकडे, कारण पाणी आणि हवेत दावा पूर्णपणे बदलतो. तिथे घटक म्हणजे जमिनीवरचा खरा उगम: समुद्राचं मीठ, रस्त्याची धूळ, जाळलेला पालापाचोळा, भट्टीचं धुराडं. फिल्टरवर जमलेल्या कणांत सोडियम आणि क्लोरीन बरोबर वाढत असतील तर मीठ. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, लोह बरोबर असतील तर माती. व्हॅनेडियम आणि निकेल बरोबर दिसले तर जड इंधन तेल जळतंय. कोयली रिफायनरी आणि नंदेसरीची औद्योगिक वसाहत शेजारी असलेल्या आपल्या शहरात हा प्रश्न कुणालाही आपला वाटेल. इथे एक मोठी सोय आहे जी मानसशास्त्रात नाही: घटक निघाला की वाऱ्याची दिशा बघता येते, उगमाजवळ जाऊन नमुना घेता येतो, दावा खरा की खोटा ते ताडता येतं. दुसरं म्हणजे धुराड्यातून उणे तीन मायक्रोग्रॅम धूर निघत नाही. साधं घटक विश्लेषण ऋण भार बिनदिक्कत देतं. म्हणून पाटेरो आणि टॅपर यांनी १९९४ मध्ये मांडलेली धन मूल्यांपुरतीच मर्यादित राहणारी पद्धत, पीएमएफ, हवेच्या अभ्यासात आता सर्रास वापरली जाते. ती प्रत्येक मोजमापाची अनिश्चितताही हिशेबात घेते.

घटकाला दिलेलं नाव मात्र काळाबरोबर खोटं ठरू शकतं. पेट्रोलमध्ये शिसं असायचं तेव्हा शिसं आणि ब्रोमीन एकत्र दिसले की ‘वाहनं’ असं नाव बिनधोक देता येत असे, कारण शिशाबरोबर ब्रोमीनचं संयुगही पेट्रोलमध्ये घालत. २००० साली आपल्याकडे देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. वाहनं वाढली, पण ती खूण गेली. जुन्या पेपरातलं नाव उचलून आजच्या आकड्यांना चिकटवलं तर हवेतलं शिसं अजून मोटारींच्या माथी मारलं जाईल आणि बॅटरी वितळवणारी भट्टी सुटेल.

पाण्याच्या बाबतीत मित्राला एक गोष्ट आजच सांगा. भूजलाच्या तक्त्यात विद्युतवाहकता आणि विरघळलेले एकूण क्षार असे दोन स्तंभ असतात. पुष्कळ प्रयोगशाळांत दुसरा स्तंभ मोजलेलाच नसतो. वाहकतेला साधारण ०.६५ ने गुणून लिहिलेला असतो. एकूण कठीणपणा हाही कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवरून काढलेला. हे सगळे स्तंभ एकत्र घातले की ‘क्षारता’ नावाचा दणदणीत पहिला घटक निघतो, साठ-सत्तर टक्के चढउतार आपल्या नावावर लावतो आणि सगळे खूश होतात. प्रत्यक्षात एकच गोष्ट तीनदा मोजलेली असते. आधी प्रयोगशाळेत जाऊन विचारायचं, कुठला आकडा बाटलीतून आला आणि कुठला कॅल्क्युलेटरमधून. दुसऱ्या प्रकारचे स्तंभ काढून टाकायचे, मगच संगणकाला हात लावायचा. तो खडकांतल्या ऑक्साइडांची टक्केवारी घेत असेल तर आणखी एक अडचण येते. बेरीज १०० व्हायलाच हवी, त्यामुळे सिलिका वाढली की बाकी काहीतरी कमी होणारच. हा ऋण सहसंबंध भूगर्भाने दिलेला नाही, बेरजेने दिलेला आहे. जॉन एचिसनने १९८० च्या दशकात यावर गुणोत्तरांच्या लॉगरिदमचा मार्ग दिला. तो घ्यावा.

भूगर्भशास्त्रातला मला सगळ्यात आवडणारा उपयोग समुद्रतळाचा आहे. इंब्री आणि किप यांनी १९७१ मध्ये गाळातल्या सूक्ष्म शिंपल्यांच्या जातींचं प्रमाण घेऊन नमुन्यांचे घटक काढले: उष्ण पाण्यातला समूह, थंड पाण्यातला समूह असे. आजच्या समुद्राच्या तापमानाशी त्या घटकांचा संबंध बसवला, आणि मग खोलवरच्या जुन्या गाळातल्या समूहांवरून तेव्हाचं तापमान काढलं. याच वाटेने क्लायमॅप प्रकल्पाने १९७६ मध्ये १८,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगातल्या समुद्रपृष्ठाचा नकाशा प्रसिद्ध केला. इथे चलांऐवजी नमुन्यांचे गट पाडले जातात, आणि आकडे शेवटी थर्मामीटरशी जोडले जातात. घटकाने दिलेला शब्द बाहेरच्या मोजमापाला बांधला की त्याला वजन येतं. रसायनशास्त्रात मिश्रणाच्या वर्णपटांवरून त्यात किती वेगवेगळे पदार्थ प्रकाश शोषतात ते याच गणिताने काढतात, आणि तिथे तर बाटली उघडून खात्री करता येते.

अर्थशास्त्रात दावा एकदम साधा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल तुम्ही पाहिले असतील. त्यात कुटुंबांचे संपत्तीनुसार पाच गट असतात. सर्वेक्षणात उत्पन्न विचारलेलं नसतं. पंखा, सायकल, पक्की भिंत, नळ, शौचालय असे प्रश्न असतात आणि त्यांवरून प्रमुख घटक पद्धतीने एक आकडा काढतात. फिल्मर आणि प्रिचेट यांनी २००१ मधल्या त्यांच्या लेखात ही पद्धत भारताच्या १९९२-९३ च्या सर्वेक्षणावरच पडताळून दाखवली होती. ‘संपत्ती’ नावाची कुठली गुप्त शक्ती पंखा फिरवते असा इथे कुणाचा दावा नाही. उलट पंखा, नळ, भिंत मिळूनच संपत्ती बनते. बाण उलटा आहे. हा आकडा फक्त रांग लावायला आहे. आणि रांगेतही भान लागतं: गाई-म्हशी, शेती यांचं वजन शहर आणि खेडं एकत्र घेतलं की ऋण येऊ शकतं, म्हणजे चार म्हशी असलेलं कुटुंब कागदावर गरीब ठरतं. पादरा किंवा डभोईकडच्या एखाद्या गावात काम करणाऱ्या पोषणशास्त्राच्या विद्यार्थिनींनी शहर-खेडं वेगळं काढून बघितल्याशिवाय ही रांग वापरू नये.

रोख्यांच्या बाजारात लिटरमन आणि शाइंकमन यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की वेगवेगळ्या मुदतीच्या अमेरिकी सरकारी रोख्यांचा जवळजवळ सगळा चढउतार व्याजदरांच्या रेघेची पातळी, उतार आणि वक्रता या तीन घटकांत बसतो. तुमचा भाऊ समभागांच्या परताव्याचं ‘फामा-फ्रेंच थ्री फॅक्टर’ मॉडेल शिकत असेल. त्याला सांगा की १९९३ चे ते फॅक्टर विश्लेषणातून काढलेले नाहीत. एक फॅक्टर सगळ्या बाजाराच्या परताव्याचा आहे, आणि उरलेले दोन कंपनीचा आकार आणि पुस्तकी व बाजार मूल्याचं गुणोत्तर पाहून मुद्दाम बांधलेल्या समभागांच्या गटांवरून आले आहेत. आणि ग्राहकसेवेची गुणवत्ता मोजायला तो सर्व्हक्वॉल ही प्रश्नावली वापरत असेल, तर त्या १९८८ च्या श्रेणीत बावीस प्रश्न आणि पाच घटक आहेत खरे, पण दुसऱ्या सेवांत आणि दुसऱ्या देशांत पाच मिळत नाहीत असं अनेकदा दिसलं आहे. पाचच मिळाले पाहिजेत म्हणून आकड्यांना ओढू नये.

भाषाशास्त्रातला उपयोग फार कमी जणांना ठाऊक असतो. डग्लस बायबरने १९८८ मध्ये इंग्रजीच्या ४८१ लिखित-बोली नमुन्यांत ६७ व्याकरणिक लकबी मोजल्या आणि त्यांचं घटक विश्लेषण केलं. पहिल्या घटकाच्या एका टोकाला ‘मी’, ‘तू’, ‘मला वाटतं’ अशी गप्पांची भाषा आली, दुसऱ्या टोकाला नामांनी आणि लांब शब्दांनी ठासून भरलेली माहितीची भाषा. बोली आणि लेखी यांच्यात एकच सरळ रेघ नाही, अनेक दिशांनी फरक पडतो, हे त्याने आकड्यांत दाखवलं. गायकवाडी दफ्तरातला मराठी कागद, दांडिया बाजारातल्या घरातली बोली आणि आजची वर्तमानपत्रं शेजारी ठेवून मराठीवर असं काम करायला कुणी विद्यार्थी तयार असेल तर आकड्यांची बाजू मी आनंदाने सांभाळीन.

भूगोलात शहराच्या वॉर्डांवर हे चालतं. बेरी आणि रीस यांचा १९६९ चा कलकत्त्यावरचा अभ्यास आपल्याकडचा चांगला नमुना. राज्यशास्त्रात जागतिक मूल्य सर्वेक्षणातला देशांचा प्रसिद्ध नकाशा दोन घटकांवर उभा आहे.

आता तुमचं काम. तुमचा दावा मानसशास्त्रातला आहे: ताणाचे काही न दिसणारे पैलू आहेत आणि त्यांच्यामुळे नर्स अमुक उत्तर देते. तेव्हा पीसीए सोडा आणि खरं घटक विश्लेषण करा. एसपीएसएसमध्येच ‘प्रिन्सिपल अ‍ॅक्सिस’ किंवा ‘मॅक्सिमम लाइकलिहूड’ निवडता येतं. तुमची उत्तरं पाच पर्यायांची आहेत आणि ‘नेहमी’च्या बाजूला गर्दी होणार, म्हणून साध्या सहसंबंधाऐवजी अशा क्रमवार पर्यायांसाठीचा पॉलिकोरिक सहसंबंध घेणं बरं. आर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात ही सोय आहे.

किती घटक ठेवायचे? एका घटकाच्या वाट्याला किती चढउतार येतो त्या आकड्याला आयगेनव्हॅल्यू म्हणतात. ‘आयगेनव्हॅल्यू एकाहून मोठी’ हा कायझरचा नियम सॉफ्टवेअर आपणहून लावतं आणि तो घटकांची संख्या फुगवतो. चाळीस प्रश्नांच्या जागी निव्वळ यादृच्छिक आकडे भरलेत तरी जवळपास निम्म्या आयगेनव्हॅल्यू एकाच्या वर येतात. जॉन हॉर्नने १९६५ मध्ये दिलेलं समांतर विश्लेषण करा: तुमच्या नमुन्याएवढेच यादृच्छिक आकडे तयार करायचे, आणि त्यांच्यापेक्षा ज्या आयगेनव्हॅल्यू मोठ्या येतील तेवढेच घटक विचारात घ्यायचे. आयगेनव्हॅल्यू उतरत्या क्रमाने मांडणारा कॅटेलचा स्क्री आलेख सोबत बघा. आणि मग एक कमी, एक जास्त घेऊनही भार वाचून पाहा. अर्थ लागतो की नाही हे शेवटी तुम्हालाच ठरवायचं आहे. आकडे घटक विश्लेषणाला योग्य आहेत का ते सांगणाऱ्या केएमओ आणि बार्टलेटच्या चाचणीवर पानभर लिहू नका. नमुना बऱ्यापैकी मोठा असला की बार्टलेटची चाचणी जवळजवळ नेहमीच पार होते, त्यातून फारसं काही कळत नाही.

प्रश्नावलीचा मसुदा तुम्ही पाठवला आहे, त्यातल्या दोन जागा मला खटकल्या. ‘ड्युटी संपल्यावरही पेशंटचे विचार येत राहतात’ आणि ‘घरी आल्यावरही वॉर्डच डोक्यात असतो’ हे एकच वाक्य दोनदा लिहिलेलं आहे. हे दोघं मिळून स्वतःचा एक घटक काढतील, आणि तुम्ही त्याला ‘मानसिक अलिप्ततेचा अभाव’ असं भारदस्त नाव द्याल. एक काढा. दुसरी जागा उलट्या प्रश्नांची. ‘मला ड्युटीवर जाणं टाळावंसं वाटत नाही’ याला ‘कधीच नाही’ असं उत्तर दिलं तर नर्सला काय म्हणायचं आहे? नाइट ड्युटी करून आलेली बाई नकारावर नकार सोडवत बसत नाही. रोझेनबर्गच्या स्वाभिमान श्रेणीत पाच सुलट आणि पाच उलट विधानं आहेत, आणि तिच्या विश्लेषणात वारंवार दोन घटक निघाले आहेत: सुलट विधानांचा एक, उलट विधानांचा दुसरा. त्या दुसऱ्या घटकाला स्वाभिमानाचा वेगळा पैलू मानायचं की वाक्यरचनेचा परिणाम, यावर कितीतरी पेपर खर्ची पडले आहेत. तुमच्या नऊ उलट प्रश्नांतले शक्य तेवढे सरळ करून घ्या.

नमुना किती, याला ‘एका प्रश्नामागे पाच माणसं’ असं ठोक उत्तर मी देत नाही. प्रत्येक घटकावर चार-पाच प्रश्न चांगल्या भाराने बसत असतील तर दोनशेतही काम भागतं, भार ०.४ च्या आसपास रेंगाळत असतील तर पाचशेही अपुरे पडतात. तुम्हाला दोन भाषांची तुलना करायची आहे, म्हणून प्रत्येक भाषेच्या गटाचा वेगळा विचार करावा लागेल. शिवाय नर्सेस रुग्णालयांत वाटलेल्या आहेत. ज्या रुग्णालयात माणसं कमी आहेत तिथल्या सगळ्यांचाच बोजा जास्त, सुट्ट्याही कमी आणि वरिष्ठांवरचा रागही जास्त. मग हे तीन प्रश्न एकत्र हलताना दिसतील ते रुग्णालयांमधल्या फरकामुळे, नर्सच्या मनातल्या कुठल्या पैलूमुळे नव्हे. रुग्णालयाचा सांकेतिक क्रमांक नोंदवाच, आणि प्रत्येक उत्तरातून त्या रुग्णालयाची सरासरी वजा करून विश्लेषण पुन्हा एकदा करून पाहा. घटक तसेच राहिले तर तुमची बाजू भक्कम.

शोधक विश्लेषण, म्हणजे वर सांगितलेलं रचना शोधणारं विश्लेषण, ज्या नर्सेसवर केलं त्यांच्यावरच पुष्टीकारक विश्लेषण करून ‘मॉडेल जुळलं’ असं लिहू नका. ते जुळणारच. योरेस्कॉगने १९६९ मध्ये पुष्टीकारक पद्धत उभी केली ती आधी ठरवलेली रचना तपासण्यासाठी. नमुना आधीच दोन भागांत वाटा, एकावर शोधा, दुसऱ्यावर तपासा.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तुमच्या प्रबंधाचा जीव त्यात आहे. गुजराती आणि मराठी गटांच्या ताणाची सरासरी शेजारी ठेवण्याआधी तीन पायऱ्या चढाव्या लागतात: दोन्ही भाषांत घटकांची रचना तीच आहे का, भार सारखे आहेत का, आणि तेवढाच ताण असलेल्या दोघी एखाद्या प्रश्नावर सारखंच उत्तर देतात का. तिसरी पायरी चुकली तर सरासरीतला फरक ताणाचा की शब्दाचा ते सांगता येत नाही. बडोद्यात हे आणखी गुंतागुंतीचं आहे. इथल्या कितीतरी मराठी घरांत बोलणं मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. पंचविशीतली मराठी नर्स गुजराती फॉर्म उचलेल, कारण तिला गुजराती भरभर वाचता येतं. मराठी फॉर्म घेणाऱ्या बहुधा वयाने मोठ्या किंवा लग्न होऊन महाराष्ट्रातून आलेल्या असतील. म्हणजे फॉर्मची भाषा, वय आणि नोकरीची वर्षं एकमेकांत मिसळणार. छपाईला देण्याआधी फॉर्मच्या पहिल्याच पानावर तीन प्रश्न घाला: घरी कोणती भाषा बोलता, शाळा कोणत्या माध्यमाची, आणि नोकरीला किती वर्षं झाली. ही माहिती नंतर मिळवता येत नाही. दोन्ही भाषांतल्या काही नर्सेसना समोर बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येकीला काय समजलं ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ते कागद आणि दुरुस्त मसुदा घेऊन या, मग भारांचा तक्ता सोबत बसून वाचू.